मद्यजन्य यकृतविकार आणि नव्या औषधांचा शोध

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनाच्या चिटणिसांनी आम्हांस आरोग्यविषयक व्याख्यान देण्याची आज्ञा केली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब यांपैकी एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. ते विषय सभेस सोयीचे असतात. ते ऐकताना कोणी खाली मान घालीत नाही, आणि घरी जाताना 'डॉक्टर छान बोलले' असे म्हणता येते. आम्ही घेतलेला विषय तसा नाही. दारूने यकृत बिघडलेल्या माणसासाठी वैद्यकशास्त्रापाशी आज कोणते औषध आहे, कोणते येऊ घातले आहे, आणि इतक्या वर्षांत ते का आले नाही, हे आज सांगावयाचे आहे.

हा विषय या व्यासपीठावर आणण्यास एक कारण आहे. आपल्या मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीतून शस्त्रक्रियेस, कर्करोगास, हृदयविकारास, अपघातास यथाशक्ति मदत दिली जाते. परंतु व्यसनामुळे उद्भवलेल्या आजारास मदत देऊ नये, असे एक कलम नियमावलीत आहे. ज्या पिढीने ते घातले तिने दारूच्या दुकानांपुढे निरोधन केले होते, आणि ज्ञातीतील कित्येक घरे बुडताना डोळ्यांनी पाहिली होती. त्या पिढीविषयी आमच्या मनात आदरच आहे. पण त्या कलमाविषयी शेवटी आम्हांस थोडे बोलावयाचे आहे. त्याआधी यकृताकडे वळू.

यकृत हा सुमारे दीड किलो वजनाचा, उजव्या बरगडीखाली असलेला अवयव. पोटात गेलेले मद्य बव्हंशी तेथेच विघटित होते. त्याचे प्रथम ॲसिटाल्डिहाइड नावाचे द्रव्य बनते, व ते मुळातील मद्याहून अधिक विषारी असते. रोज फार पिणाऱ्या बहुतेक सर्वांच्या यकृतात प्रथम चरबी साठते. या अवस्थेत माणसाला काहीच जाणवत नाही, आणि दारू सोडली तर काही आठवड्यांत यकृत पूर्ववत होऊ शकते. पिणे चालू राहिले तर काहींच्या यकृतात दाह सुरू होतो, मग तंतू वाढतात, आणि अखेर यकृत कठीण, गाठाळ होते. यास सिरोसिस म्हणतात. लाएनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ साली यकृताच्या पिवळट-तपकिरी रंगावरून ग्रीक भाषेतून हा शब्द घडविला. पाय सुजणे, पोटात पाणी होणे, रक्ताची उलटी, दिवसा झोप व रात्री बडबड ही सारी पुढची लक्षणे होत. जलोदराचे आणि मदात्ययाचे वर्णन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्यायांत आहे. आपल्या पूर्वजांस हे दुखणे अपरिचित नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. वर्षानुवर्षे भरपूर पिणाऱ्या शंभरांपैकी सुमारे दहा ते वीस जणांसच सिरोसिस होतो. 'अमका चाळीस वर्षे पितो, त्याला काही झाले नाही', हे वाक्य आम्ही दवाखान्यात शेकडो वेळा ऐकले आहे, आणि ते बहुधा खरेही असते. फरक कशाने पडतो याचा काही उलगडा २००८ नंतर होऊ लागला. पीएनपीएलए३ या जनुकाच्या एका विशिष्ट रूपाचा वारसा ज्यांस मिळतो, त्यांच्या यकृतात चरबी लवकर साठते व मद्याचा घाव खोल बसतो. उलट एचएसडी१७बी१३ नावाच्या दुसऱ्या जनुकाचे एक रूप काही अंशी संरक्षण देते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे एकाच बैठकीत एकाच बाटलीतून पिणाऱ्या दोन भावांचे भवितव्य भिन्न असू शकते. केवळ चारित्र्याच्या तराजूने हा रोग मोजणाऱ्यांनी यावर विचार करावा.

आता औषधांकडे. या शास्त्राची सुरुवातच एका गैरसमजातून झाली. इन्सुलिनच्या शोधात ज्यांचा वाटा होता ते टोरांटोचे चार्ल्स बेस्ट व त्यांचे सहकारी यांनी १९४९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे मत मांडले की, मद्य हे यकृताला प्रत्यक्ष विष नव्हे. मद्यपी नीट जेवत नाही, आणि त्या कुपोषणाने यकृत बिघडते. या मताप्रमाणे उपाय सोपा होता : जीवनसत्त्वे द्या, सकस आहार द्या. न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणारे चार्ल्स लीबर यांना हे पटेना. त्यांनी बबून जातीच्या माकडांस उत्तम आहार दिला, मात्र त्यातील सुमारे निम्मे उष्मांक मद्याच्या रूपाने दिले. आहार पुरेसा असूनही काही माकडांस सिरोसिस झाला. हे १९७४ साली प्रसिद्ध झाले, व मद्य स्वतःच यकृताचा शत्रू आहे हे निर्विवाद ठरले.

याच लीबरांच्या पुढील कामाची हकीकत औषधशोधाच्या वाटेतील अडचण उत्तम रीतीने दाखविते. सोयाबीनपासून काढलेले एक स्निग्ध द्रव्य माकडांस दिले असता मद्य चालू असूनही यकृतात तंतू वाढत नाहीत, असे त्यांस आढळले. साहजिकच मोठी आशा उत्पन्न झाली. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या वीस रुग्णालयांत ७८९ रुग्णांवर दोन वर्षे प्रयोग झाला. निम्म्यांना ते द्रव्य, निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषध गोळी. २००३ मध्ये निकाल लागला तेव्हा दोन्ही गटांत काही फरक दिसला नाही. पण त्यात एक विलक्षण गोष्ट घडली होती. प्रयोगात आलेल्या प्रत्येकास परिचारिका व डॉक्टर नियमाने भेटत, पिण्याविषयी चार शब्द बोलत, तपासणी करीत. प्रयोगाआधी हे लोक दिवसाला सरासरी १६ पेये घेत असत. प्रयोगकाळात ते प्रमाण सरासरी अडीच पेयांवर आले! पिणेच इतके घटल्यावर गोळीने आणखी काय साधले हे कळावे कसे? औषध निकामी होते की त्याची परीक्षाच होऊ शकली नाही, हा प्रश्न कायमचा राहिला. आम्हांस मात्र त्या प्रयोगाचा खरा निकाल दुसऱ्याच रकान्यात दिसतो. कोणी नियमाने विचारपूस केली, एवढ्याने सोळाचे अडीच झाले.

मद्यजन्य विकारांत सर्वांत भयंकर जो प्रकार, त्याला मद्यजन्य यकृतदाह म्हणतात. महिनोन्महिने अति पिणाऱ्या माणसाला अचानक गडद कावीळ होते, ताप येतो, पोट फुगते, भूक जाते. अशा वेळी आपल्याकडे काय घडते हे आपण जाणताच. कोणी उसाचा रस सुरू करतो, तेल-तूप व डाळ बंद होते, फुटाणे आणि साखरपाण्यावर रोग्याला ठेवले जाते, आणि गावठी औषधाचा शोध सुरू होतो. अशा रोग्यास दिवसाला वजनाच्या दर किलोमागे २१.५ उष्मांकांपेक्षा कमी अन्न पोटात गेले तर मृत्यूचे प्रमाण पुष्कळ वाढते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय प्रयोगात दिसून आले. पथ्याच्या नावाखाली चाललेली ही उपासमार थांबली, तर कोणत्याही नव्या औषधाची वाट न पाहता काही जीव वाचतील. डाळ, दूध, अंडे चालत असल्यास अंडे, आणि रात्री निजण्यापूर्वी थोडे खाणे हे या रोग्यास आवश्यक आहे. डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितले असेल तर तेवढे मात्र पाळावे.

या यकृतदाहावर स्टिरॉइड देऊन पाहण्याचा पहिला पद्धतशीर प्रयोग १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर चाळीस वर्षे वैद्यांमध्ये वाद चालला. एका प्रयोगात लाभ दिसे, दुसऱ्यात दिसत नसे. १९७८ साली मॅड्री यांनी रक्त गोठण्याचा वेळ आणि रक्तातील पित्तद्रव्य यांवरून एक अंक काढण्याची रीत दिली. तो ३२ किंवा अधिक असेल तर रोग गंभीर समजावा; अशांपैकी शेकडा ३० ते ५० रुग्ण त्या काळी महिन्याच्या आत दगावत. पुढे २००७ मध्ये फ्रान्समधील लील येथील वैद्यांनी सात दिवसांच्या उपचारानंतर स्टिरॉइड चालू ठेवावे की थांबवावे हे ठरविणारे दुसरे गणित दिले. ही दोन्ही गणिते आजही रुग्णालयांत रोज वापरली जातात.

दरम्यान, २००० साली लॉस एंजेलिसहून एक सुवार्ता आली. रक्ताभिसरणाच्या विकारांत वापरण्यात येणारे पेंटॉक्सिफायलिन हे जुने, स्वस्त औषध १०१ रुग्णांच्या प्रयोगात देण्यात आले. औषध घेणाऱ्यांत सुमारे २४ टक्के, तर न घेणाऱ्यांत ४६ टक्के दगावले. जगभर हे औषध सुरू झाले, आपल्याकडेही झाले. मग इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समधील ६५ रुग्णालयांनी एकत्र येऊन ११०३ रुग्णांवर आजवरचा सर्वांत मोठा प्रयोग केला. कोणास प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, कोणास पेंटॉक्सिफायलिन, कोणास दोन्ही, तर कोणास दोन्हींपैकी काहीच नाही, अशी चार गटांत चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी झाली. २०१५ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. २८ दिवसांत काहीच औषध न मिळालेल्यांपैकी १७ टक्के, केवळ स्टिरॉइड घेणाऱ्यांपैकी १४ टक्के, केवळ पेंटॉक्सिफायलिन घेणाऱ्यांपैकी १९ टक्के आणि दोन्ही घेणाऱ्यांपैकी १३ टक्के मरण पावले. पेंटॉक्सिफायलिनचा दावा तेथेच संपला. स्टिरॉइडचा लाभ इतका अल्प की तो योगायोगाचाही असू शकेल, आणि तीन महिन्यांनंतर तोही दिसेनासा झाला. शिवाय स्टिरॉइड घेणाऱ्यांत गंभीर जंतुसंसर्ग १३ टक्क्यांस झाला, न घेणाऱ्यांत ७ टक्क्यांस. वर्षअखेरीस निम्म्याहून अधिक रुग्ण हयात नव्हते किंवा त्यांस यकृतरोपण करावे लागले होते. तरीही अन्य काही हाती नसल्याने आज गंभीर रुग्णास प्रथम स्टिरॉइडच दिले जाते, व सातव्या दिवशी लीलच्या गणिताने त्याचा निवाडा होतो. १९७१ पासूनची ही वाटचाल लक्षात घेतली म्हणजे या क्षेत्रातील दारिद्र्याची कल्पना येईल.

शोध थांबला होता असे मात्र नव्हे. दाह पसरविणाऱ्या एका द्रव्यास अडविणारी नवी, महागडी औषधे संधिवातात गुणकारी ठरली होती. ती येथे वापरून पाहिली. २००४ व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रयोगांत उलट अनर्थ ओढवला. जंतुसंसर्ग वाढला आणि औषध घेणाऱ्यांत मृत्यू अधिक झाले. येथे या रोगाचे कोडे आहे. यकृतातील आग शमवावी तर शरीराचे पहारेकरीही झोपी जातात, आणि आतड्यांतील जंतू टपलेलेच असतात. संधिवातातच वापरले जाणारे ॲनाकिन्रा हे दुसरे औषध जस्ताच्या जोडीने अमेरिकेत देऊन पाहिले. स्टिरॉइडशी त्याची तुलना करणारा प्रयोग मध्येच थांबवावा लागला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे नव्वद दिवसांनी स्टिरॉइडच्या गटात ९० टक्के, तर नव्या औषधाच्या गटात ७० टक्केच जिवंत होते. फ्रान्समध्ये स्टिरॉइडसोबत एन-ॲसिटिलसिस्टीन शिरेतून दिले असता महिन्याभरातील मृत्यू २४ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले, असे २०११ मध्ये दिसले. सहा महिन्यांनी मात्र फरक निश्चित म्हणता येईना. हे औषध स्वस्त व बहुधा निर्धोक असल्याने पुष्कळ ठिकाणी दिले जाते.

आपल्या देशातील कामाचा उल्लेख आम्हांस विशेष अभिमानाने करावासा वाटतो. चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील डॉक्टरांनी २०१४ मध्ये ४६ रुग्णांचा प्रयोग प्रसिद्ध केला. अस्थिमज्जेतून नव्या पेशी बाहेर आणणारे एक इंजेक्शन पाच दिवस दिले असता, नव्वद दिवसांनी ७८ टक्के रुग्ण जिवंत होते. न दिलेल्यांत अवघे ३० टक्के. मात्र जर्मनीत १७६ रुग्णांवर, थोड्या वेगळ्या अवस्थेत, तेच इंजेक्शन देऊन पाहिले, तेव्हा २०२१ साली निकाल निष्फळ निघाला. दिल्लीच्या यकृत व पित्तविज्ञान संस्थेत आणखी धाडसी प्रयोग झाला. ज्यांना स्टिरॉइड देता येत नव्हते अशा आठ रुग्णांच्या आतड्यांत निरोगी नातेवाइकांच्या मळातील जंतू नळीवाटे सात दिवस सोडण्यात आले. ऐकताना किळस वाटेल, पण आठांपैकी सात जण वर्षभर जगले. २०१७ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि पुढे १२० रुग्णांवरील प्रयोगात, २०२३ साली, नव्वद दिवसांनी या उपचाराने ७५ टक्के, तर स्टिरॉइडने ५६.६ टक्के जगल्याचे नमूद झाले. संख्या लहान आहेत, आणि पेंटॉक्सिफायलिनचा धडा ताजा आहे. म्हणून आम्ही हर्षभरित होत नाही. तथापि दिशा बरोबर असावी असे वाटण्यास २०१९ मधील एका संशोधनाचा आधार मिळतो. या रुग्णांच्या आतड्यांत एका जातीचा जंतू विशिष्ट विष निर्माण करतो, आणि ज्यांच्यात तो विषारी जंतू असतो ते बहुधा दगावतात, असे त्यात दिसले. उंदरांमध्ये त्या जंतूस नेमके खाणारे विषाणू सोडले असता यकृत वाचले. यकृताच्या रोगाचे औषध आतड्यात शोधावे, ही कल्पना आमच्या विद्यार्थिदशेत कोणी मांडली असती तर तिची थट्टाच झाली असती.

सध्या सर्वांत पुढे आलेले औषध म्हणजे लार्सुकोस्टेरॉल. आपल्या शरीरातच अल्प प्रमाणात असणाऱ्या एका द्रव्याची ही प्रतिकृती. यकृतपेशींतील जनुकांवर बसलेल्या रासायनिक खुणा बदलून बिघडलेले कार्य ते मार्गावर आणते, असे संशोधक मानतात. ते शिरेतून एकदा, व रुग्ण दाखल असल्यास तीन दिवसांनी पुन्हा, असे दोनदाच द्यावयाचे. ३०७ रुग्णांच्या प्रयोगाचा निकाल २०२३ च्या अखेरीस जाहीर झाला. मृत्यू अथवा रोपण यांचे प्रमाण घटवावे हे मुख्य उद्दिष्ट गणिताच्या कसोटीस उतरले नाही. परंतु केवळ मृत्यू मोजले तर ते दोन वेगवेगळ्या मात्रांनी अनुक्रमे ४१ व ३५ टक्क्यांनी कमी दिसले, आणि स्टिरॉइडप्रमाणे जंतुसंसर्ग वाढला नाही. २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यास शीघ्र विकासाचा विशेष दर्जा दिला. मोठ्या प्रयोगात ते उतरेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. मद्यजन्य यकृतदाहासाठी म्हणून त्या नियामकांनी आजवर एकाही औषधास मान्यता दिलेली नाही, एवढे मात्र निश्चित.

असे का व्हावे? रोग गुंतागुंतीचा आहे, रुग्ण लवकर दगावतात, ही कारणे खरीच. पण एक तुलना करून पहावी. लठ्ठपणा व मधुमेह यांच्या संगतीने यकृतात चरबी साठून दाह होणे हा रोग सूक्ष्मदर्शकाखाली मद्यजन्य रोगाचा जुळा भाऊ दिसतो. त्यासाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड, अशी दोन औषधे मान्य झाली. त्या औषधांच्या प्रयोगांतून जास्त पिणाऱ्यांना आरंभीच वगळले होते. शास्त्राच्या दृष्टीने त्यास कारण आहे. आणि लीबरांच्या प्रयोगात काय झाले ते आपण पाहिलेच. पण आणखीही एक कारण आहे, ते प्रयोगाच्या कागदांवर लिहिलेले नसते. मद्यपी औषध नियमाने घेणार नाही, पुन्हा येणार नाही, त्याच्यावर खर्च का करावा, आणि हे दुखणे त्याने स्वतःच ओढवून घेतले आहे, ही भावना कारखानदारांत आहे, रुग्णालयांत आहे, आणि आमच्या व्यवसायबंधूंतही आहे. अति खाऊन यकृत बिघडविणाऱ्याला असे कोणी ऐकवीत नाही!

रुग्णाच्या बाजूनेही शास्त्राला अडथळा होतो, तो लपविण्याचा. 'साहेब कधीमधी घेतात, तेही फक्त बिअर', असे पत्नी सांगते, आणि मागे उभा असलेला मुलगा जमिनीकडे पाहतो. आपल्या राज्यात तर १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' म्हणून दिला जात आला आहे. तेव्हा खोटेपणाला सरकारी शिक्काही आहे. आता रक्तातील एका घटकावरून मागील दोन ते चार आठवड्यांतील पिणे कळते. पण पोलिसी तपासाप्रमाणे ही चाचणी वापरणे आम्हांस रुचत नाही. खरे सांगितल्याने मदत मिळेल असा विश्वास असेल तर माणूस खरे सांगतो.

आता ज्या औषधांना यकृताचे औषध कोणी म्हणत नाही, त्यांच्याकडे येऊ. गंभीर यकृतदाहातून पहिले काही महिने तरलेल्या रुग्णाचे पुढील आयुष्य कशावर अवलंबून असते, याचा अभ्यास फ्रान्समध्ये झाला. २०१७ च्या त्या निष्कर्षांप्रमाणे आरंभीचे मरणे-जगणे रोगाच्या तीव्रतेवर ठरते, आणि नंतरचे मुख्यतः दारू सुटली की नाही यावर. तेव्हा दारू सोडण्यास साहाय्य करणारे औषध हेच यकृताचे औषध झाले. रोममध्ये सिरोसिस झालेल्या ८४ मद्यासक्तांवर प्रयोग होऊन २००७ मध्ये निकाल आला. स्नायूंच्या ताठरपणावर दिले जाणारे बॅक्लोफेन हे जुने औषध १२ आठवडे घेणाऱ्यांपैकी ७१ टक्के, तर न घेणाऱ्यांपैकी २९ टक्के दारूपासून दूर राहिले. हे औषध आपल्या औषधांच्या दुकानांत सहज मिळते. आमच्या अनुभवात यकृताच्या दहा रुग्णांपैकी एकालाही ते कोणी सुचविलेले नसते. कारण यकृताचा डॉक्टर यकृत पाहतो व मनोविकाराचा डॉक्टर मन पाहतो, आणि रुग्ण या दोन दालनांमधील व्हरांड्यात राहतो. अर्थात ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. यकृत फार बिघडलेले असता त्याने ग्लानी येते. अलीकडे, २०२५ मध्ये, सेमाग्लुटाइडच्या अल्प मात्रेने नऊ आठवड्यांत पिण्याची ओढ व प्रमाण घटल्याचे ४८ जणांच्या प्रयोगात दिसले. ते लोक यकृताचे रुग्ण नव्हते, पण तेथवर हा धागा जाईल अशी आशा आहे.

भगिनींना येथे एक विनंती. १९४८ साली कोपनहेगनच्या शास्त्रज्ञांनी शोधलेले डायसल्फिराम हे औषध पतीच्या चहात अथवा भाजीत त्याच्या नकळत मिसळण्याची चाल आपल्याकडे आहे. हे करू नये. त्यावर दारू प्याल्यास जीव धोक्यात येतो, आणि ते औषध स्वतःही यकृतास इजा करू शकते. तसेच रोज अति पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एका रात्रीत बंद करण्यातही धोका आहे. झटके येतात, भ्रम होतो. त्यासाठी डॉक्टरांची देखरेख हवी. पुण्याच्या 'मुक्तांगण'सारख्या संस्था १९८६ पासून हे काम करीत आहेत.

सारे उपाय थकले म्हणजे रोपण. सहा महिने दारू सोडल्यावाचून यकृत मिळणार नाही, असा दंडक जगभर होता. आणि गंभीर यकृतदाहाचा रुग्ण सहा महिने जगत नाही. २०११ साली फ्रान्स व बेल्जियममधील डॉक्टरांनी, ज्यांना पूर्वी या रोगाची कल्पनाच नव्हती व ज्यांच्यामागे कुटुंब उभे होते, असे २६ रुग्ण काटेकोरपणे निवडून त्यांस वाट न पाहता रोपण केले. सहा महिन्यांनी ७७ टक्के जिवंत होते. तशाच अवस्थेतील पण रोपण न झालेल्यांत २३ टक्के. २६ पैकी तिघे पुढे पुन्हा प्याले. हे तीन जण पुढे करून विरोध करणारे पुष्कळ भेटतात. उरलेल्या तेविसांविषयी ते फारसे बोलत नाहीत.

आपल्याकडे यकृताचा भाग बहुधा घरातीलच कोणी देतो; पुष्कळदा पत्नी, कधी मुलगा. खर्च मध्यमवर्गीय कुटुंबास न पेलणारा. अशा वेळी ज्ञातीच्या निधीकडे धाव घ्यावी तर ते कलम आडवे येते. शिक्षा पिणाऱ्याला व्हावी हा त्याचा हेतू असला, तरी ती भोगते कोण हे आपण सारे जाणतो.

आमची सूचना लेखी स्वरूपात चिटणिसांकडे दिलेली आहे, तिचे स्वरूप असे. हे कलम वगळावे. त्याऐवजी, मद्यजन्य विकारासाठी मदत मागणाऱ्याने यकृताच्या उपचाराबरोबर व्यसनमुक्तीचे उपचारही घ्यावेत अशी अट असावी, आणि त्या उपचारांचा, बॅक्लोफेनसारख्या औषधांचा व समुपदेशनाचा खर्चही निधीने द्यावा. रुग्ण एकदा घसरला म्हणून मदत तोडू नये; मधुमेही दिवाळीत करंज्या खातो म्हणून आपण त्याचे इन्सुलिन बंद करीत नाही. दर महिन्यास एका कार्यकर्त्याने घरी जाऊन विचारपूस करावी. सोळाचे अडीच कशाने झाले ते वर सांगितलेच आहे. आणि या स्मरणिकेच्या शेवटच्या पानांवर साहाय्य घेणाऱ्यांची नावे गावांसह छापण्याचा जो प्रघात आहे, त्यातून ही नावे वगळावीत, नुसती रक्कम दाखवावी. ती यादी पाहूनच गेल्या काही वर्षांत तीन कुटुंबांनी अर्ज करण्याचे टाळले, हे आम्हांस ठाऊक आहे. सर्वसाधारण सभेपुढे ही सूचना येईल तेव्हा तिजवर मोकळी चर्चा व्हावी.